बारा भाकरींचा वेळ

बोरवस्ती, म्हसवडजवळ
१८ ऑगस्ट

पल्लवे,

आधी आला तो सिद्धू, तुझ्या कंपनीचा तारा जोडणारा, आणि त्येच्या मागं आपलं काळं कुत्रं, त्येच्या प्यांटीचा पाय तोंडात धरून. दिग्विजय साहेब गाडीतच बसून ऱ्हायलं, कुत्रं बांधस्तवर. मंग उतरलं आणि म्हणालं, "आज्जी, तुमची नात सांगलीला आमच्या हापिसात मोठ्या पडद्यापुढं बसते." मी म्हणलं, बसती न्हवं, मंग झालं, आमच्यात तर बाई माणूस बसलं की कामचुकार. लय हसलं. साहेब असून बशीत च्या वतून प्यालं.

तुला ठावं असंलच, पण मी सांगती. वरच्या तलावाच्या सांडव्यावर त्येंनी यंत्र बसवलं. तलाव सांडाय लागला की यंत्र सांगलीला कळवणार, सांगली आपल्या टेकावरच्या भोंग्याला कळवणार. तलाव हितनं चार मैल आणि निरोप आधी जाणार सांगलीला. म्हणलं, सासरी जायाला माहेरावरनं वाट. सिद्धू म्हणाला, आज्जी, निरोपाला पाय नसत्यात.

मंग परीक्षा घेतली. सिद्धू तलावावर गेला, त्येनं तुझ्या अर्जुनाकाकाला मिसकॉल दिला आणि यंत्राचा तरंगता गोळा हातानं उचलला. मी चुलीपुढं. अर्जुना वराडला, "उचलला वं म्हातारे," मी भाकरी तव्यात टाकली, आणि उलथायच्या आत भोंगा. मला कमी ऐकू येतं, तुला ठावं हाय, फोनवर तुझं निम्मं बोलणं उडून जातं, म्हणून तर तू दिवाळीला अक्षरं गिरवून घेतलीस. पण भोंगा कानानं ऐकायचा न्हाईच. परातीतलं पाणी थरथरलं, माझ्या छातीत बसला. बेस हाय.

आता गंमत ऐक. मी साहेबास्नी इचारलं, पाऊस नसला की यंत्र काय करतं? म्हणालं, गप्प बसतं, तासाला एकदा ठीक आहे म्हणतं. मी म्हणलं, ह्ये खोटं काम. आमच्या मेंढरांच्या वाड्यावर राखणीची माणसं सारखी हाळी देत्यात. ह्यो कडंनं वराडला "हो", त्यो कडंनं "हो". हाळी आली म्हंजे माणूस जागं. न्हाई आली म्हंजे लांडगा. गप्प बसणाऱ्यावर राखणदारानं भरवसा ठिवायचा न्हाई. साहेबांनी खिशातनं वही काढून लिवून घेतलं गं, माझं. म्हणालं, आज्जी, तुम्ही आमच्या विंजिनेरांना शिकवा.

तुझा बाप बी खूश हाय. ओढ्याच्या दोन धारांमधल्या बेटावर गुडघाभर गवत हाय. गणपती बसले की आमी कवा बेटावर मेंढरं नेत न्हाई, परतीचा पाऊस सांगून येत न्हाई. पण भाऊसो, तुझा आबा, म्हणतो, आता भोंगा हाय की, आये. तलावावरनं बेटावर पाणी यायला बारा भाकरींचा वेळ लागतो, माझ्या सासूनं मोजलेला. एका भाकरीत भोंगा वाजला तर अकरा भाकरींत मेंढरंच काय, चूल बी उचलून हुती.

जेवत जा.

तुझी आज्जी हरणाबाई

*

सांगली
२४ ऑगस्ट

प्रिय आज्जी,

पत्र वाचून कंट्रोल रूममध्ये एकटीच हसले. "सासरी जायला माहेरावरून वाट" हे मी शेजारच्या नीलिमाला सांगितलं, ती आता येता-जाता तेच म्हणते.

तुझी हाळी साहेबांना फारच आवडली. त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, आणि परवापासून आमची सगळी यंत्रं सेकंदाला दोनदा "ठीक आहे, ठीक आहे" म्हणू लागली आहेत. फक्त तुमचं नाही. दोन्ही जिल्ह्यांतले ओढे, बंधारे, कालव्यांची दारं, शेतकऱ्यांच्या मोटारी, मिळून सहा हजार. आणि दर आठवड्याला नवी बसताहेत.

हे सगळे निरोप आमच्या इथल्या एका पेटीतून जातात. शिधापेटीएवढी आहे. प्रत्येक निरोप उघडायचा, कुणाचा ते बघायचं, कुठं पाठवायचा ते ठरवायचं, मोहोर लावायची, पाठवायचा. एवढंच तिचं काम.

एक करशील? पुढच्या वेळी सिद्धू परीक्षा घ्यायला आला, की भोंगा किती भाकरींनी वाजतो ते मोजून कळव. सहज. मला तुझं माप आवडलं म्हणून.

आणि आबांना म्हणावं, बेटावर जायची घाई कशाला? टेकावर गवत आहे ना अजून?

तुझी पल्लवी

*

बोरवस्ती
१ सप्टेंबर

पल्लवे,

तुझ्या साहेबांनी माझी हाळी सहा हजार यंत्रास्नी शिकवली, ह्ये मी पाणवठ्यावर सांगिटलं. बयाबाईचा इश्वास बसंना. म्हणाली, हरणे, तू शाळंच्या पायरीवर शेळी बांधायला गेलीस तेवढीच. मी तुझं पत्र तिच्या नाकापुढं धरलं, तिला वाचाय येत न्हाई, पण माझं नाव कुठं लिवलंय ते दावलं.

तुझी पेटी मला कळली. आपल्या वाघरीचं दार. जाळीच्या कुंपणाला एकच फट ठिवायची आणि मेंढरं एकेक करून काढायची, तवाच मोजणी हुती. दारात मी बसती. हात लावायचा, कान बघायचा, आपलं की शेजाऱ्याचं, मंग सोडायचं. आता बघ, दांडगा एडका असू दे न्हाईतर कालचं कोकरू, दारात येळ तेवढाच लागतो. शंभर एडक्यांस्नी जेवढा येळ, शंभर कोकरांस्नी बी तेवढाच. वजन सारं एडक्यांचं, पण दाराला वजन कळत न्हाई, दाराला डोकी कळत्यात. आणि तुझ्या पेटीला म्हंजे सहा हजार कोकरं, एका दमात दोनदा. तिचा हात दुखत असंल बिचारीचा.

सिद्धू शुक्रवारी आला हुता. कुत्र्यानं आता त्येला वळखलंय. परीक्षा घेतली. अर्जुना वराडल्यापासनं मी मोजलं: तीन भाकरी. चवथी थापत हुते. सिद्धू म्हणाला, वारं हुतं म्हणून. वाऱ्याचं आणि तारंचं काय नातं ते मला कळलं न्हाई, पण त्येला पिठलं आवडलं, दोनदा घेतलं.

मेंढरं बेटावर गेली. एकशेचाळीस. भाऊसो तिथंच झोपडी घालून हाय. बेटावर रेंज न्हाई म्हणून त्येचा फोन हितंच खुंटीला. काय सांगू गवत, आपली लंगडी मेंढी बी पळाय लागली. अजून नऊ भाकरी हातात हायत्या की.

तुझी आज्जी

*

सांगली
८ सप्टेंबर

प्रिय आज्जी,

दाराचं तू जे लिहिलंस ते मी तीन वेळा वाचलं आणि मग साहेबांना वाचून दाखवलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी माझ्यासमोर त्या पेटीतून एक भली मोठी फाइल पाठवली, एका लग्नाचा अख्खा व्हिडिओ. भर्रकन गेली. म्हणाले, "बघ, पेटी विकताना जेवढा वेग सांगितला होता तेवढा देते. आणि तुझ्या यंत्रांचे निरोप सगळे मिळून तराजूत घातले तरी दहावा हिस्सा भरत नाही. पेटी तर रिकामीच आहे." पडद्यावर हिरवा पट्टा अगदी तळाशी असतो, ते बरोबर आहे. पण तो पट्टा वजनाचा आहे. डोकी मोजणारा पट्टा कुणी लावलेलाच नाही.

त्यांनी दारातून एक एडका पाठवून दार तपासलं, आज्जी. मी कोकरांबद्दल विचारत होते.

अजून एक होतं. यंत्राला उत्तर मिळालं नाही की ते तोच निरोप पुन्हा पाठवतं. म्हणजे दारात अडकलेली कोकरं मागं जाऊन पुन्हा रांगेत येतात, आणि रांग आणखी वाढते. तुमच्या तलावाचा निरोप त्याच रांगेत उभा असतो. त्याच्या अंगावर वेगळा रंग नाही.

घाबरण्यासारखं नाही. नवी पेटी मागवली आहे, खास बारीक निरोपांसाठीची. हे बाहेर कुणाला सांगू नकोस, साहेबांनी बजावलं आहे. फक्त आबांना म्हण, मेंढरं टेकावर घ्या. कारण विचारलं तर सांग, पोरीचा हट्ट आहे.

पल्लवी

*

बोरवस्ती
१५ सप्टेंबर

पल्लवे,

पत्र आलं तवा आकाराम पोस्टमनला म्हणलं, थांब, वाचून दावती, तेवढाच त्येला इसावा. पण "कुणाला सांगू नकोस" आलं आणि मी मधीच खोकले. त्येला वाटलं अक्षर लागंना.

भाऊसोला तुझा हट्ट सांगिटला. म्हणाला, "आये, पोरगी पडद्यापुढं बसून पाण्याला भ्याया लागली. म्या पन्नास वर्सं पाण्यात काढली." पन्नास कुठलं, सत्तेचाळीसचा हाय. आणि पाण्यात तर आपल्या माणदेशात कुणी काढली न्हाईत, पाणी हाय कुठं.

तिसरी परीक्षा झाली. सात भाकरी. सातवी मी मुद्दाम लहान केली न्हाई, इमानानं थापली. सिद्धू हसत हुता, पण त्येचं त्वांड उतरलं हुतं. घाम पुसत म्हणाला, "आज्जी, वाजला न्हवं शेवटी." म्हणलं, बाबा, लग्नाची वरात गेल्यावर बी वाजंत्री वाजतीच की. मंग त्यो जेवला न्हाई. ताक बी घेतलं न्हाई.

नवी पेटी आल्याचं त्येनंच सांगिटलं. म्हणं कागदाच्या खोक्यात हापिसात पडून हाय. साहेबांचा ह्येका हाय, पितृपाठ चालू हायत, नवी वस्तू लावायची न्हाई. खंडेनवमीला पूजा आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर पेटी सुरू. मला आधी बरं वाटलं. शिकली-सवरली माणसं बी मुहूर्त पाळत्यात. आमी नवीन वाघर तरी पितृपाठात कुठं लावतो? सिद्धूला तसं बोलून बी दावलं. त्यो गेल्यावर चुलीपुढं बसले आणि दसऱ्यापर्यंतचं दिस बोटावर मोजलं. मंग मोजलेल्या भाकरी परत मोजल्या. पयली एक, मंग तीन, मंग सात. ह्यी चढण बरी न्हाई.

एक खरं सांग. ही सारी गर्दी माझ्या हाळीमुळं झाली का गं?

तुझी आज्जी

*

पलूस
२० सप्टेंबर

आज्जी,

वरचा पत्ता बघून दचकू नकोस. मला पलूसच्या कचेरीत पाठवलं आहे, ग्राहकांच्या तक्रारी लिहून घ्यायला. मी साहेबांना लेखी दिलं, की एकतर हाळी पुन्हा तासावर आणा, नाहीतर मुहूर्त न बघता पेटी बदला. दुसऱ्या दिवशी बदली. आता पडदा माझ्यापुढं नाही. तुमच्या तलावाचं मला इथून काहीही दिसत नाही.

तू विचारलंस म्हणून खरं सांगते. हो, हाळीमुळं. पण चूक तुझी नाही. तीन राखणदारांच्या वाड्यावर हाळी बरोबरच आहे. सहा हजारांनी एका दारात दिली की लांडग्याची बातमी द्यायला आलेला माणूस मागंच अडकतो. हे ओळखायचं काम आमचं होतं.

नीलिमा सांगत होती, गेल्या आठवड्यात सातशे यंत्रं नवीन जोडली. पुढचा आकडा सात राहणार नाही. बारा ओलांडेल.

मी अर्जुनाकाकांना फोन केला होता. ते म्हणाले, सांगतो, आणि हसले. म्हणून तुला लिहिते, तू ऐकशील. आज्जी, भोंग्याची वाट बघू नकोस. मेंढरं बेटावरून काढ. आबांनी काढली नाहीत तर तू काढ.

पल्लवी

*

बेटावरनं
२९ सप्टेंबर, सोमवार

पल्लवे,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. घट बसले हुते, माझा उपास, तरी त्येच पावली बेटावर गेले. भाऊसोनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेबाचा शब्द हाय. भोंगा वाजला की निघतो." मी गप्प ऱ्हायले. गप्प बसणाऱ्यावर भरवसा ठिवायचा न्हाई, ह्ये त्यो इसरला.

शुक्रवारी भाऊसो आणि अर्जुना म्हसवडच्या बाजाराला गेले. दुपारी वरल्या अंगाला आभाळ निळं-काळं झालं. आपल्याकडं थेंब न्हाई, ऊन पडलेलं. पण वाऱ्याला गाळाचा वास हुता. मी बेटावर जाऊन घंटीच्या एडक्याला मुठीत बाजरी दावली. त्यो माझ्या हातचा वाढलेला. त्यो निघाला आणि मागनं एकशेचाळीस. धार वलांडताना पाणी घोट्याला हुतं. टेकावर चढून मागं बघितलं तर बेटाच्या कडचा काळा दगुड दिसंना. झोपडीचा पाला व्हावून चाललेला. मी उभ्या-उभ्या मनात भाकरी थापाय लागले, सवय झालीया. दगुड बुडाल्यापासनं नऊ भाकरी झाल्या तवा भोंगा वाजला. तलावावरनं पाणी यायच्या बारा आणि ह्या नऊ, तूच बेरीज कर.

पाणी मांडीएवढं आलं आणि सांजच्याला उतरलं. थोडकंच हुतं म्हणायचं.

भाऊसोला भोंगा वाटंत ऐकू आला. धावत आला, बघतो तर मेंढरं टेकावर. कोरडी. त्येनं मला मिठीच मारली. म्हणाला, "बघ आये, भोंग्यानं वाचवलं." मी म्हणलं, भोंगा नंतर वाजला, दगुड बुडून नऊ भाकरी झाल्यावर. त्यो हसला. "तुला ऐकू येत न्हाई, आये. भोंगा आधीच वाजला असंल, तुला दुसऱ्यांदा कळला." अर्जुना बी तेच म्हणाला. टेकावर माझ्याबिगर माणूस न्हवतं. काळं कुत्रं हुतं, पण त्येची साक्ष कोण घेतो.

म्हणलं, सिद्धूला इचारा. अर्जुनानं फोन लावला, माझ्या कानाला धरला, मला निम्मं ऐकू आलं. सिद्धूच्या फोनवर साहेबच बोलत हुतं. लय खूश. पाण्याचा निरोप आल्याची नोंद हाय, भोंगा वाजल्याची बी नोंद हाय, पयल्याच पुरात यंत्र पास. मेंढरं वाचल्याची बातमी म्हणं पेपरात देणार, माझा फोटो लावून. मी इचारलं, कवा वाजल्याची नोंद हाय? साहेब म्हणालं, "वाजला ना आज्जी, ते महत्त्वाचं." मंग मी म्हणलं, माझी हाळी बंद करा, मी चुकले, माझा शब्द मी माघारी घेती. साहेब हसलं. त्येंना वाटलं म्हातारी लाजली.

काल भाऊसोनं मेंढरं परत बेटावर आणली. पाणी लागल्यावर गवत आणखीच कवळं झालंय. आता त्येचा भोंग्यावर देवापरीस जादा इश्वास. सिद्धनाथाला तरी कवा-कवा बोल लावतो.

मी भांडले न्हाई. वळकटी बांधली, तवा घेतला आणि बेटावर आले. त्यो म्हणाला, आये, ह्या वयात झोपडीत? म्हणलं, घरी करमत न्हाई. दिवसा मी वाघरीच्या दारात बसती, तोंड तलावाकडं. काळ्या दगडाला हळदीची रेघ मारलीया, पाण्याच्या वर दोन बोटं. घटकाभरानं उठून बघती. एडक्याची घंटी काढून मनगटाला बांधलीया, म्हंजे मी पळाले की त्यो मागं येणार. अधनंमधनं हाळी देती. पल्याड बयाबाईला सांगून ठिवलंय, ऐकू आली की "हो" म्हण. ती म्हणती. मला तिचा "हो" ऐकू येत न्हाई, म्हणून ती पदर हालवती.

आज सकाळपासनं वरल्या अंगाला परत तसंच आभाळ हाय. शुक्रवारच्याहून काळं. रेघ सकाळी दोन बोटं हुती, आता एक.

हे पत्र बयाबाई आकारामाकडं देईल, तुला मिळंस्तवर शुक्रवार उजाडंल. काळजी करू नगंस, मी मोजतीया. सिद्धू निरोप देऊन गेला, नव्या पेटीला हार आणलाय, आणि पेटी सुरू झाली की साहेब आणि त्यो परीक्षा घ्यायला दोघंबी हिकडं येणार, दुपारच्या जेवणाला. गुरुवारी, दसऱ्याला.

तुझी आज्जी